सुळ्याच्या मुळाशी

ग्वाल्हेरच्या मेळ्यात आता लोक मोटारी घ्यायला जातात. पण १९०५ साली शिंद्यांच्या माधव महाराजांनी हा मेळा भरवला तो मुळात गुरांसाठी, आणि गुरांच्या बाजारात सौद्याची सुरुवात ठरलेली असे. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढायचा आणि पुढचे दात बघायचे. सगळे दुधाचेच असले तर आदत. मधली मोठी जोडी आली की दुसा, पुढची जोडी आली की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. दुसा म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला म्हणजे साडेचार-पाचाच्या आसपासचा. इथवर घेणारा आणि विकणारा यांच्यात वाद होत नाही, कारण दात दोघांनाही दिसत असतात. वाद सुरू होतो तो जुळल्यानंतर. आता नवा दात येणार नसतो, आहेत ते झिजत जातात, आणि त्या झिजेवरून जो तो आपल्या बाजूचं वय सांगतो.

मी दंतवैद्य आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजाच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे आणि दिवसभर माणसांची तोंडं बघण्यात जातो. पण गेली काही वर्षं संध्याकाळी कधी कधी फोनवर बिबट्याच्या, कोल्ह्याच्या, तरसाच्या जबड्याचे एक्स-रे येतात. पाठवणारे आमचे एक पशुवैद्य स्नेही. रानातलं किंवा रस्त्यावर मेलेलं जनावर तपासायला त्यांना बोलावतात. त्यांचा प्रश्न दर वेळी तोच असतो, वय काय असेल? मांसाहारी जनावराचं वय दातांवरून कसं कळतं याचा अभ्यास मी त्या प्रश्नापायी सुरू केला, आणि आता तो माझ्या व्यवसायाइतकाच मला जवळचा झाला आहे. बैलाच्या बाजारात जी रेघ जुळण्यापाशी पडते तीच इथेही पडते. अलीकडे कॅलेंडर आहे, पलीकडे नुसता अंदाज. मला त्या पलीकडच्या भागाबद्दल लिहायचं आहे.

आधी अलीकडचं. वाघ, बिबट्या, सिंह, सगळ्या मोठ्या मांजरांना दुधाचे दात २६ आणि कायमचे ३०. माणसाच्या ३२ पेक्षा कमी, कारण चघळायचं काम त्यांना नाहीच. पटाशीचे बारा, चार सुळे, आणि मागे कात्रीसारख्या पात्यांच्या दाढा. वरची शेवटून दुसरी आणि खालची शेवटची एकमेकींवरून घासत जातात आणि मांस कापलं जातं. लांडगा, कोल्हा यांना ४२ दात असतात. रानकुत्र्याला ४०, खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला नसतेच. तरसाला ३४. अस्वलालाही ४०, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी भात्यासारखी ओढून घेतं.

पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. वर्षाच्या आसपास कायमचे सुळे येतात, आणि काही काळ दुधाचा सुळा आणि नवा सुळा शेजारी शेजारी उभे असतात. आमच्याकडे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आया घाबरून येतात, दातामागे दात आलाय म्हणून. तीच गोष्ट. असा दुहेरी सुळा दिसला की ते जनावर साधारण वर्षाचं, अजून आईच्या मागे फिरणारं. वाघाची पिल्लं दीड ते दोन वर्षं आईजवळ राहतात, म्हणजे शस्त्र आल्यावरही ते चालवायला शिकायला वेळ लागतो.

दात हिरडीतून वर आला म्हणजे पूर्ण झाला असं मात्र नाही. नवा सुळा आतून जवळजवळ पोकळ असतो. भिंती पातळ, मध्ये पल्पची, म्हणजे दाताच्या मऊ गाभ्याची, रुंद पोकळी, आणि मुळाचं टोक उघडं, नरसाळ्यासारखं. मग महिने जातात तशी भिंत आतून जाड होत जाते, मूळ लांबतं आणि टोक मिटत येतं. टोक मिटल्यावरही डेंटीनचे, म्हणजे दाताच्या भिंतीच्या कठीण पदार्थाचे, थर आत बसतच राहतात आणि पोकळी वर्षागणिक अरुंद होते. म्हाताऱ्या जनावराच्या एक्स-रेत पल्प पेन्सिलीच्या रेघेएवढा उरलेला असतो. माणसांतही हेच घडतं. साठीतल्या माणसाचं रूट कॅनाल करताना पोकळीचं तोंड सापडायलाच जीव जातो, हे कुठलाही दंतवैद्य सांगेल.

आता ग्वाल्हेरकडे येते. या भागात शिकारीचा इतिहास घरोघरी ऐकलेला असतो. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी, तिथलं जंगल म्हणजे आजचं माधव राष्ट्रीय उद्यान, २०२५ च्या मार्चमध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं. आतमध्ये जॉर्ज कॅसल उभा आहे, १९११ साली पंचम जॉर्जच्या शिकारीच्या मुक्कामासाठी बांधलेला. श्योपूरच्या रानात माधव महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतले सिंह आणून सोडले होते. महाराजांबरोबर सरदार, सरदारांबरोबर त्यांचे मानकरी, अशी शिकारीची रीत खाली खाली झिरपत आली. त्यामुळे लष्करातल्या जुन्या वाड्यांत, चिटणीसांची गोठ या वस्तीत, कंपू भागातल्या बंगल्यांत अजूनही कुठे कुठे भिंतीवर मुंडकं असतं, कपाटात कवटी असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि पुढे २००३ च्या नियमांनंतर ज्यांनी रीतसर नोंद केली, त्यांच्याकडेच ती आहेत.

या कवट्यांवर शाईनं लिहिलेलं असतं. काय लिहिलेलं असतं? लांबी. फूट आणि इंच. त्या काळी लांबीवरून भांडणं व्हायची. नाकापाशी आणि शेपटीच्या टोकापाशी खुंट्या ठोकून मधलं अंतर मोजायचं, की अंगाच्या वळणावरून टेप फिरवायची? दुसऱ्या पद्धतीत तोच वाघ अर्धा फूट वाढतो. लंडनची रोलंड वॉर्ड ही कंपनी अशा मापांची नोंदवही छापत असे आणि तिच्यात नाव यावं म्हणून राजेलोक धडपडत. कवटीची लांबी, कवटीची रुंदी, सगळं इंचाच्या अंशापर्यंत. वयाला मात्र रकानाच नव्हता.

मला हे खरंच खटकतं. आकार आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांच्या बिबट्या नराची कवटी दहा वर्षांच्या मादीपेक्षा मोठी असते. ज्या भागात चितळ-सांबर मुबलक, तिथली जनावरं थोराड. डोक्यावरून मागे जाणारा हाडाचा कंगोरा, ज्याला जबड्याचे स्नायू चिकटतात, तो नरांत वयाबरोबर उंच होतो. पण मादीत तो म्हातारपणीही बेताचाच असतो. कवटीच्या तळाशी दोन हाडांमधला सांधा वाढ संपली की मिटतो, त्यामुळे एवढंच कळतं की जनावर प्रौढ झालं. प्रौढ होऊन दोन वर्षं झाली की आठ, ते तो सांधा सांगत नाही. त्यात पिंजऱ्यातलं जनावर असेल तर आणखी घोळ. प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या सिंहांच्या कवट्या रानातल्यांपेक्षा रुंद आणि वेगळ्या घडणीच्या होतात, हे शंभरेक वर्षांपूर्वीच लक्षात आलेलं आहे. हाड काम करेल तसं घडतं. ग्वाल्हेरच्या फुलबागेतल्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाच्या आणि शिवपुरीच्या वाघाच्या कवट्या शेजारी ठेवून वय सांगायला बसलं तर आधी हे ठाऊक हवं.

अशाच एका वाड्यातल्या काकीसाहेब माझ्या पेशंट. खालची कवळी बसवून घ्यायला येत असत. मी जनावरांचे दात बघते हे कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी घरी बोलावलं. कपाटातून बिबट्याची कवटी काढून टेबलावर ठेवली. नोंदीचा कागदही बरोबर होता. कवटीच्या कपाळावर लांबी लिहिलेली आणि साल, गावाचं नाव नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की हा म्हातारा नरभक्षक होता, दात पडल्यामुळे माणसांवर आलेला, आणि मामंजींनी त्याला रात्रभर मचाणावर बसून मारला.

एक सुळा खरोखरच जागेवर नव्हता. पण तो डबीत जपून ठेवलेला होता. कवटी वाळली की एका मुळाचे दात आपोआप निसटतात, आमच्याकडच्या मे महिन्याच्या लूत तर नक्कीच, आणि उरलेल्यांना उभ्या चिरा जातात. मी तो सुळा उचलला आणि उलटा केला. मूळ उघडं होतं. आत करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी, कडा अंड्याच्या टरफलासारख्या पातळ. पटाशीच्या दातांवर झीज जवळजवळ नाही. कवटीच्या तळाचा सांधा स्वच्छ दिसत होता. दीड वर्ष, फार तर दोन. आईपासून नुकता सुटलेला, स्वतःची हद्द शोधत गावाच्या कडेनं फिरणारा नर. याच वयात ते वस्तीजवळ येतात, कारण चांगलं रान आधीच कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

सांगावं की न सांगावं, याचा मी विचार केला नाही. त्यांनी विचारलं होतं म्हणून सांगितलं, सुळा त्यांच्या हातात देऊन, पोकळी दाखवून. काकीसाहेबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दात पडले म्हणून नाही आला." मी म्हटलं, नाही. "मग माणसं कुणी खाल्ली?" हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि मला तो फार मोठा वाटला. दात पडलेला म्हातारा बिबट्या खरंच कुठेतरी असेल. ज्याला मारलं तो दुसराच असण्याची शक्यता त्या सुळ्यात स्पष्ट होती.

नरभक्षक म्हणजे म्हातारा किंवा दात मोडका, हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलं आहे, आणि त्यात तथ्य आहेच. चंपावतची वाघीण कॉर्बेटनं १९०७ मध्ये मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा पार हाडापर्यंत गेलेला होता. पण ते वयामुळे नव्हतं, जुन्या बंदुकीच्या गोळीनं झालेलं होतं. त्सावोच्या दोन सिंहांची गोष्ट तर आम्हा दंतवैद्यांची म्हणावी अशी आहे. १८९८ साली पूर्व आफ्रिकेत रेल्वेचा पूल बांधताना त्यांनी मजुरांना उचलून नेलं, आणि त्या मजुरांत हिंदुस्थानातून गेलेले पुष्कळ होते. त्या सिंहांच्या कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियमनं १९२४ मध्ये विकत घेतल्या. पुढे एलिस नायबर्गर या दंतवैद्यानं तिथल्या ब्रूस पॅटर्सन या शास्त्रज्ञाबरोबर त्या तपासल्या. एका सिंहाचा खालचा उजवा सुळा तुटून पल्प उघडा पडलेला होता आणि मुळाशी गळू झालेलं होतं. ज्यानं दाताचं गळू सोसलं आहे त्याला सांगायला नको की त्या दातानं झेब्र्याची मान धरणं काय असेल. पुढे केसांच्या आणि हाडांच्या रासायनिक तपासणीतून असंही दिसलं की दोघांपैकी याच सिंहानं जास्त माणसं खाल्ली होती. दुसऱ्याचे दात इतके वाईट नव्हते, तरीही तो बरोबर होताच.

मोडका दात म्हणजे म्हातारपण नव्हे, हे ब्लेअर व्हॅन व्हॅल्कनबर्ग या बाईंनी फार नीट दाखवलं. त्यांनी संग्रहालयांतल्या मोठ्या मांसाहारी जनावरांच्या कवट्या तपासल्या, १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण दर चार जनावरांत एकाचा तरी दात जिवंतपणीच मोडलेला होता, आणि त्यात सुळे सगळ्यांत जास्त. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या डांबराच्या तळ्यांत सापडलेल्या हिमयुगातल्या जनावरांत त्यांना याच्या तिप्पट दात मोडलेले आढळले. तिथं स्पर्धा तीव्र असली पाहिजे, हाडं फोडून खायची वेळ येत असली पाहिजे, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणजे तुटका दात वयापेक्षा भुकेबद्दल जास्त बोलतो.

झिजेचंही तसंच. पशुवैद्य स्नेह्यांनी एकदा अस्वलाच्या दातांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "हे तर पिकलेलं दिसतंय." दाढा सपाट झालेल्या. पण वाळवी ओढताना अस्वल तिच्याबरोबर माती आणि खडेही तोंडात घेतं. ती माती दातांना जे करते ते वय करत नाही. एक्स-रेत पल्प चांगला रुंद होता. ऐन उमेदीतलं जनावर. तरसाचं उलट, ते हाडं फोडतं, त्याच्या शंकूसारख्या उपदाढा बोथट होतात, पटाशीचे दात मात्र त्या मानानं टिकतात. त्यामुळे झिजेचे तक्ते एका जातीवरून दुसरीला लावायचे नाहीत. एका जातीतही एका रानावरून दुसऱ्या रानाला लावताना जपून.

मग पलीकडच्या वयाचं करायचं काय? इथे दाताच्या मुळाकडे वळावं लागतं. मुळाला बाहेरून सिमेंटमचं आवरण असतं आणि ते आयुष्यभर वाढत राहतं. वाढीच्या हंगामात रुंद फिका थर, टंचाईच्या हंगामात बारीक गडद रेघ. दात आम्लात मऊ करायचा, केसाहून पातळ काप काढायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. दातावर अशी वर्षं उमटतात हे आधी सापडलं सीलमध्ये. व्हिक्टर शेफर यांनी १९५० मध्ये सीलच्या सुळ्यांवरच्या कड्यांबद्दल लिहिलं, आणि त्यांना ते पटवून देता आलं कारण पिल्लू असताना खूण केलेले, म्हणजे नेमक्या वयाचे सील त्यांच्यापाशी होते. १९५२ मध्ये रिचर्ड लॉज यांनी दक्षिणेकडच्या एलिफंट सीलच्या सुळ्याचे काप काढून हीच गोष्ट आतून दाखवली. त्याच सुमारास, १९५० मध्येच, स्वीडनच्या गुस्टाफसन यांनी माणसाच्या दातातले सहा बदल एकत्र धरून वय काढायची पद्धत मांडली. झीज, हिरडीचं उतरणं, आतला डेंटीन, सिमेंटमची जाडी, मुळाचं विरघळणं आणि मुळाची पारदर्शकता. आम्ही कॉलेजात ती शिकलो. एकाच वर्षी एकजण सीलच्या आणि दुसरा माणसाच्या दातात वर्षं शोधत होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तो धडा जास्त मन लावून वाचला असता.

अमेरिकेत काळ्या अस्वलांच्या बाबतीत हे काम नित्याचं आहे. सुळ्यामागची एक चिमुकली उपदाढ काढून घेतात, जनावराला तिचा फारसा उपयोग नसतो, आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे एक गोष्ट दिसली जी वाचून मी काम थांबवून बसले होते. ज्या वर्षी मादी पिल्लं वाढवते त्या वर्षीचा सिमेंटमचा थर अरुंद असतो. अंगातलं सगळं दुधात जातं, दाताच्या वाट्याला कमी येतं. त्यामुळे मेलेल्या अस्वलिणीच्या दातावरून तिचं वय तर कळतंच, कोणकोणत्या वर्षी ती आई होती हेही वाचता येतं. माझ्याकडे बायका येतात आणि म्हणतात, प्रत्येक बाळंतपणाला एक दात गेला. तसं शब्दशः होत नाही हे मी त्यांना समजावते. पण त्या जे सांगतात त्याच्या अगदी जवळचं काहीतरी अस्वलाच्या दातात कोरलेलं असतं.

उष्ण प्रदेशात या रेघा फिक्या येतात, कधी एका वर्षात दोन. बर्फाचा हिवाळा असला की रेघ ठसठशीत, आपल्याकडे ती पावसावर आणि उन्हाळ्यावर अवलंबून. म्हणून आफ्रिकेतल्या सिंहांसाठी पल्पकडे जास्त लक्ष गेलं. वरच्या दुसऱ्या उपदाढेचा एक्स-रे काढायचा आणि पोकळीचं दाताशी प्रमाण बघायचं. तिथे हा केवळ अभ्यासाचा विषय नाही. सिंहाच्या कळपात नवा नर आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो. तरुण नराची शिकार झाली तर त्याच्या पाठोपाठ त्याची पिल्लंही जातात. २००४ मध्ये क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की पाच-सहा वर्षांवरचेच नर मारले तर संख्येला धोका पोचत नाही, आणि जिवंत सिंहाचं वय ओळखायला नाकावरचा काळा रंग पाहा, तो वयाबरोबर वाढतो. टांझानियानं सहा वर्षांची अट घातली. मारलेला सिंह खरंच सहाचा होता का, हे मग दातच सांगतात. शिकारीबद्दल माझं मत काहीही असो (ते अर्थातच विरोधातलं आहे), वयाला रकाना मिळाला तो तिथे.

जिवंत जनावराला बेशुद्ध केलं असेल तर हिरडीकडे बघता येतं. अमेरिकेतल्या प्यूमांत वयाबरोबर सुळ्यावरून हिरडी उतरत जाते, आणि ते मोजून वय काढायची पद्धत २००० मध्ये मांडली गेली. मी रोज माणसांत हीच मापं घेते, मिलिमीटरच्या खुणांची सळई घेऊन.

पण यातली कुठलीही पद्धत एका गोष्टीवाचून लंगडी आहे, आणि ती म्हणजे ज्यांचा जन्म ठाऊक आहे अशी जनावरं. शेफर यांच्याकडे खुणेचे सील होते म्हणून ते खात्रीनं बोलू शकले. आणि आज भारतात, विशेषतः आमच्या मध्य प्रदेशात, अशी जनावरं जितकी आहेत तितकी पूर्वी कधीच नव्हती. पेंचची कॉलरवाली वाघीण २००५ मध्ये जन्मली, आठ वेळा व्याली, २९ पिल्लांना जन्म दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये गेली. तिचं आयुष्य आरंभापासून शेवटपर्यंत लिहिलेलं आहे. पन्नातले वाघ संपल्यावर २००९ पासून पुन्हा आणले, आणि तिथे २०१० मध्ये जन्मलेल्या पहिल्या पिल्लांपासून वंशावळी ठेवल्या गेल्या. राजस्थानात रणथंभोरची मछली वाघीण २०१६ मध्ये गेली तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती आणि सुळे केव्हाच गमावून बसली होती. कूनोत तर १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते आले आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिथं पिल्लं जन्मली. त्यांच्या जन्माचा महिना साऱ्या देशाला माहीत आहे.

वाघ मेला की शवविच्छेदनानंतर त्याला साक्षीदारांसमोर पूर्ण जाळतात. नखं, हाडं, सुळे यांच्या चोरट्या व्यापारामुळे हे आवश्यकच आहे आणि त्यात मी एक दातही मागे ठेवा असं म्हणणार नाही. माझं मागणं एक्स-रेचं आहे. दवाखान्यात वापरतो तसलं हातात धरायचं छोटं यंत्र बॅटरीवर चालतं, पिशवीत मावतं. खालचा डावा सुळा, वरची दुसरी उपदाढ, शेजारी मोजपट्टी. पाच मिनिटांचं काम. जन्म ठाऊक असलेल्या प्रत्येक जनावराचे असे दोन एक्स-रे साठत गेले तर काही वर्षांत आपल्या वाघ-बिबट्यांचा, आपल्या हवेचा, आपल्या भक्ष्यावर वाढलेल्यांचा तक्ता तयार होईल, आफ्रिकेचा उसना घ्यावा लागणार नाही. मी हे प्रत्येक वनाधिकाऱ्याला सांगते, दंतवैद्यांच्या संमेलनात सांगते, गणपतीत भेटलेल्या ओळखीच्या माणसांनाही सांगते.

गेल्या हिवाळ्यात महामार्गावर गाडीखाली आलेल्या बिबट्याच्या मादीचे एक्स-रे आले. सुळ्याचं मूळ मिटलेलं, पल्प मध्यम, पटाशीवर हलकी झीज, हिरडी जागेवर. मी "तीन ते पाच वर्षं" असं कळवलं आणि कारणं खाली लिहिली. स्नेह्यांचा फोन आला.

"अर्जात एकच आकडा मागतात हो. चार लिहू?"

"चार लिहिलंत तर पुढे कुणीतरी ते मोजलेलं चार समजेल," मी म्हटलं. "तीन ते पाच लिहा आणि एक्स-रे जोडा. उद्या तक्ता आला की कुणीही पुन्हा बघू शकेल."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, बहुधा लिहीत असावेत. मग विचारलं, "व्यायलेली होती का, तेही सांगता येईल?" एक्स-रेवरून नाही, त्याला काप लागतो, मी सांगितलं. स्तनांकडे बघा, गर्भाशय तुम्ही उघडलंच असेल. ते म्हणाले, दूध होतं. आणि लगेच म्हणाले की मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं पाठवायला हवीत, आत्ताच, अंधार पडायच्या आधी. आणि फोन ठेवून दिला.